शार्दूलचं खातं

उल्हास कारंडे यांचा आवाज जाणार हे नक्की झालं आणि घरात पहिल्यांदाच, ते काय बोलतात याकडे लोक लक्ष देऊ लागले.

तोवर लक्ष देण्याजोगं ते फारसं बोलतही नव्हते. कारंडे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मिरज, तासगाव, जत या पट्ट्यातल्या दुकानांत अवचित उगवायचं, तराजूवर सरकारी वजन ठेवायचं आणि "माप कमी आहे" एवढं म्हणून कारवाईला लागायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. दुकानदार चहा मागवत, मुलीच्या लग्नाचं सांगत, साहेबांच्या तब्येतीची चौकशी करत. कारंडे सगळं ऐकून घेत आणि पुन्हा म्हणत, "माप कमी आहे." ही सवय त्यांनी घरीही आणली. आमटी अळणी असली की "मीठ कमी आहे." मीठ बरोबर असलं की काहीच नाही. या घरात शांतता म्हणजे कौतुक, हे वैजयंतीबाईंनी लग्नानंतर लवकरच ओळखलं आणि मिळेल तेवढं कौतुक पदरात पाडून घेतलं.

निवृत्तीनंतर काही काळाने त्यांच्या हातातून कप सुटायला लागला. मग शर्टाची बटणं लागेनात. मग पेन धरवेना, आणि त्यापाठोपाठ जीभ जड झाली. शब्द तोंडातून ओल्या चादरीसारखे ओढून काढावे लागायला लागले. मिरजेत दर चौथ्या पाटीवर डॉक्टरचं नाव असतं, तेव्हा तपासण्यांना तोटा नव्हता. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दोघांना समोर बसवून सांगितलं.

"मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या मरत चालल्यात. हुकूम सुटतो, पण पोचत नाही. आधी हात, मग जीभ, घसा, सगळ्यात शेवटी श्वासाचे स्नायू. बुद्धी शाबूत राहते. कान शाबूत राहतात. डोळे हलवणाऱ्या पेशी मात्र या आजारातून बहुधा सुटतात."

"म्हणजे यांना सगळं कळणार," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"सगळं."

"फक्त बोलता येणार नाही."

"हो."

वैजयंतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कारंडेंनी विचारलं, "श्वासाचं काय?"

"ते स्नायू थकले की गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि कायमचा व्हेंटिलेटर. त्यावर माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. आता तर यंत्रं फारच सुधारलीत."

"नको," कारंडे म्हणाले.

"आत्ताच काही ठरवायची घाई—"

"ठरलं."

डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "साहेब, मला सांगून उपयोग नाही. कायदा काही म्हणो, कागद काही म्हणोत, आयत्या वेळी दारात उभा असलेला मुलगा 'घाला' म्हणाला की आम्ही घालतो. सगळेच घालतात. तुम्हाला मुलगा आहे ना? त्याला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, आणि तोंड चालतंय तोवर सांगा."

डॉक्टर बाहेरगावचे असावेत. त्यांना कारंडेंचं घर माहीत नव्हतं.

कारंडे आणि शार्दूल या बापलेकांत भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. शार्दूलला मिसरूड फुटलं तेव्हापासून त्यांच्यातला सगळा व्यवहार वैजयंतीबाईंमार्फत चाले. अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ती उत्तम चालतात. मुलगा खोलीत असेपर्यंत बाप वर्तमानपत्र वाचतो. मुलगा गेला की बाप आपलं मत सांगतो, आई ते मत घेऊन मुलाकडे जाते आणि मुलाचं मत घेऊन परत येते. मुलगा दहावीनंतर वसतिगृहावर गेला, मग नोकरीसाठी थेट कोइमतूरला, तरी या टपालसेवेत खंड पडला नाही.

फक्त टपाल वाटेत उघडलं जाई. शार्दूलने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं आणि पवनचक्क्यांची पाती दोरावर लटकून दुरुस्त करायचं काम धरलं, तेव्हा कारंडे म्हणाले होते, "मूर्ख आहे म्हणावं." वैजयंतीबाईंनी फोनवर सांगितलं, "बाबा म्हणतायत, उंचावर जपून काम कर रे." शार्दूल म्हणाला, "दुकानदारांची वजनं तपासत हिंडण्यापेक्षा बरंय म्हणावं." वैजयंतीबाईंनी फोन ठेवून सांगितलं, "तुमची आठवण काढत होता." त्यामुळे बापाला वाटे, पोरगं मनानं मऊ आहे. पोराला वाटे, बाप मनानं मऊ आहे. समोरासमोर आले की दोघंही दगड, आणि हे असं का, ते दोघांनाही उमगत नसे.

दवाखान्यातून परतताना रिक्षात कारंडे बायकोला म्हणाले, "शार्दूलला सांग. नळी नको म्हणालेत म्हणून."

"बरं."

तिन्हीसांजेला फोन झाला. कारंडे शेजारच्या खोलीतून ऐकत होते. "अरे, बाबा म्हणतायत डॉक्टर फार चांगले आहेत. तू अजिबात काळजी करू नकोस म्हणतायत. जेवलास का?"

"सांगितलंस?" कारंडेंनी विचारलं.

"सांगितलं की."

"नळीचं?"

"अहो, दिवेलागणीला असलं काही बोलू नये."

"मग सकाळी सांग."

"सकाळी तो दोरावर असतो."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूंवर वजनं ठेवून पाहिलेल्या कारंडेंनी घरातला तराजू त्या दिवशी पहिल्यांदा तपासला. पण माप कमी आहे असं काही म्हणाले नाहीत. कारण घरात तराजू तो एकुलता एक होता.

स्वरपेढी नावाच्या पुण्याच्या कंपनीची ऋजुता ही मुलगी यंत्र घेऊन आली ती पुढच्या आठवड्यात. तिने चहा घेतला, घराकडे नजर टाकली आणि समजावून सांगायला बसली. कंपनीने तिला ते पाठ करून घेतलं असणार, पण ती ते आपलं असल्यासारखं सांगे.

"आवाज ही आता अडचणच राहिली नाही, काका. तुमचा आवाज मी आज जाताना घेऊन जाईन. थोडं वाचून दाखवलंत की झालं. खरी अडचण वेगाची आहे. पुढं तुम्ही डोळ्यांनी लिहिणार. पडद्यावर अक्षरं दिसतील, ज्या अक्षराकडे रोखून बघाल ते उमटेल. पण तुम्ही डोळ्यांनी 'चहा' लिहीपर्यंत इकडं चहा गार होतो, आणि 'साखर कमी' लिहीपर्यंत कप विसळून ठेवलेला असतो. लोक वाट बघत नाहीत हो. चांगली माणसंसुद्धा नाहीत."

"मग?"

"मग तुम्ही दोन शब्द द्यायचे, बाकीचं वाक्य यंत्र करणार. मनाचं नाही, तुमच्याच पद्धतीचं. त्यासाठी ही डबी आतापासून घरात ठेवायची. ती तुमचं रोजचं बोलणं ऐकते आणि शिकते. आणि माणूस सगळ्यांशी एकसारखं बोलत नाही ना? काकूंशी वेगळं, रिक्षावाल्याशी वेगळं. म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकाचं एकेक खातं. समोर कोण आहे ते कॅमेरा ओळखतो आणि त्याचं खातं उघडतो. दोघंतिघं असले तर जो जवळ बसलाय त्याचं."

"यंत्राचं वाक्य पटलं नाही तर?"

"तर 'कोरा मजकूर' दाबायचं. अक्षर अक्षर लिहाल तेवढंच बोललं जाईल. पण फार दमायला होतं त्यात." ऋजुता हसली. "आमचे लोक सहसा त्या वाटेला जात नाहीत."

डबी फ्रीजवर बसली. दोन महिने ती कारंडेंचं बोलणं ऐकत राहिली. एवढ्या काळजीनं ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दोन महिन्यांनी ऋजुताने येऊन पडदा उघडला आणि एकेक खातं दाखवू लागली.

"काकूंचं झकास भरलंय. रिक्षावाल्या दस्तगीरचाचांचं पण छान आहे. आणि काका, कोपऱ्यावरच्या कुत्र्याशी तुम्ही सगळ्यात मोकळं बोलता, माहितीये? त्याचंही खातं उघडलंय यंत्रानं." मग ती थांबली. "शार्दूल म्हणून एक नाव काकूंनी दिलं होतं. ते रिकामं आहे."

"तो कोइमतूरला असतो," वैजयंतीबाई घाईनं म्हणाल्या.

"हो, पण फोन होत असतील ना?"

"रोज होतो!"

"काकांशी?"

वैजयंतीबाई कप उचलून आत गेल्या.

"काका, पुढं तो समोर येईल आणि यंत्राकडं त्याच्याशी बोलायला एक वाक्य नसेल," ऋजुता हळू आवाजात म्हणाली. "जीभ चालतीये तोवर बोलून घ्या."

हे तर डॉक्टरही म्हणाले होते. सगळा महाराष्ट्र एकदम कारंडेंना बोलायला लावू पाहत होता.

शार्दूल सुट्टी काढून आला. उन्हाने रापलेला, दोराचे वळ पडलेल्या हातांचा, बापासारखाच रुंद कपाळाचा. ऋजुताच्या सूचनेप्रमाणे बापलेकांना दिवाणखान्यात समोरासमोर बसवलं, मध्ये डबी ठेवली, आणि वैजयंतीबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

डबीने बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकला.

"अगं," शेवटी कारंडेंनी दाराकडे बघत हाक मारली, "विचार त्याला, गाडी वेळेवर आली का."

"आली म्हणावं, आई," शार्दूल दाराला म्हणाला.

"अरे, एकमेकांशी बोला की!" दार म्हणालं.

"तेच चाललंय," दोघं एकदम म्हणाले. आपण एकाच वेळी एकच वाक्य बोललो याची दोघांनाही इतकी लाज वाटली की पुढे कुणीच काही बोललं नाही.

परत जाण्याच्या दिवशी शार्दूलने बापाला गाडीतून तपासणीला नेलं. वैजयंतीबाई मुद्दामच मागे राहिल्या. गाडीत दोघंच होते. कारंडेंनी वाक्य आदल्या दिवशी न्हाणीघरात घोटून ठेवलं होतं. जीभ मधल्या जोडाक्षराला अडखळे म्हणून त्यांनी 'व्हेंटिलेटर' गाळून 'नळी' घातलं होतं. 'शार्दूल, मला नळी घालू देऊ नकोस.' बस, एवढंच. बसस्टँड गेलं. उड्डाणपूल गेला. फाटक बंद होतं आणि गाडी तिथं चांगली ऐसपैस थांबली. शार्दूलने इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की बापाच्या घशाची खरखर दोघांनाही ऐकू आली. शार्दूलने मान वळवून पाहिलं. तो वाट बघत होता, हे कारंडेंना दिसलं.

"मागच्या चाकात," कारंडे जड जिभेने म्हणाले, "हवा कमी आहे."

"भरतो," शार्दूल म्हणाला.

फाटक उघडलं. कारंडेंनी डोळे मिटून घेतले आणि स्वतःची समजूत घातली. यंत्र कशाला घेतलंय? आवाज गेला की डोळे तर राहणार आहेत. जे तोंडानं जमत नाही ते दोन शब्द डोळ्यांनी द्यायचे, पुढचं यंत्र बघून घेईल. बोलता येईनासं झाल्यावर बोलायची सोय इतकी पक्की झाली होती, की तोवर बोलायची निकडच उरली नाही.

गणपती उठले आणि त्यापाठोपाठ आवाज गेला. शेवटचा शब्द काय होता हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. बहुधा 'मीठ'.

ऋजुताने पलंगापुढे यंत्र बसवलं. वैजयंतीबाई समोर आल्या, कारंडेंनी डोळ्यांनी 'आमटी' लिहिलं, आणि यंत्र त्यांच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणालं, "आमटीत मीठ कमी आहे." वैजयंतीबाई खुर्चीत बसून रडल्या. मग उठून त्यांनी मीठ घातलं.

"आणि शार्दूलचं खातंही भरलंय बरं का," ऋजुता निघताना म्हणाली. "काकूंनी आणि त्यानं परवानगी दिली. पुष्कळ मजकूर मिळाला."

आयुष्यभर डबा उघडून आत काय भरलंय ते बघणाऱ्या माणसाने, हा मजकूर आला कुठून, एवढं तरी विचारायला हवं होतं. पण विचारायला एकेक अक्षर रोखून बघावं लागलं असतं आणि ऋजुताची बस होती. शिवाय खरं सांगायचं तर, रिकामं खातं भरलं याचंच त्यांना इतकं हलकं वाटलं, की खोलात जावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शार्दूलचा फोन आला, या वेळी थेट यंत्रावर. पडद्यावर त्याचा चेहरा, मागे पवनचक्कीचं पांढरं पातं. कारंडेंना विचारायचं होतं की एवढ्या उंचीवर कंपनीने विमा काढलाय की नाही. त्यांनी लिहिलं, 'विमा आहे?'

यंत्र म्हणालं, "शार्दूल, उंचावर जपून काम कर रे. तू तिकडं नीट असलास की मला इथं काही होत नाही बघ. जेवलास का?"

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला.

कारंडे पडद्याकडे बघत राहिले. आवाज त्यांचा होता. 'शार्दूल' म्हणताना 'र' दाबायची ढबही त्यांचीच. वाक्य कुणाचं होतं, तेही त्यांना लगेच ओळखू आलं. इतकी वर्षं ते वाक्य त्यांनी शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं. ऋजुताने शार्दूलच्या फोनमधले आईचे जुने संदेश आणि रेकॉर्ड झालेलं बोलणं मागून घेतलं होतं आणि त्यातले बाबांचे म्हणून जेवढे निरोप सापडले तेवढे यंत्राला पाजले होते. 'बाबा म्हणतायत जपून जा.' 'बाबा म्हणतायत पैशाची घाई नाही.' 'बाबा म्हणतायत तुझा अभिमान वाटतो.' यंत्राने 'बाबा म्हणतायत' तेवढं खुडून टाकलं आणि बाकीचं शिकून घेतलं. यंत्राची काही चूक नव्हती. मुलाकडे बापाचा जो माल होता, तोच त्याने तोलला.

"जेवलो, बाबा," पडद्यावरचा शार्दूल म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही जेवलात?"

असा प्रश्न त्या मुलाने बापाला आजवर विचारला नव्हता. कारंडेंनी 'कोरा मजकूर' या चौकोनाकडे नजर नेली. तिथं ती थोडा वेळ रेंगाळली. मग त्यांनी लिहिलं, 'हो.'

"हो रे राजा, तुझ्या आईच्या हातचं असताना जेवायला काय कमी," यंत्र म्हणालं. स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं.

त्यानंतर फोन रोज येऊ लागला. शार्दूल बोले. वाऱ्याबद्दल, मुकादमाबद्दल, वैदेही नावाच्या एका मुलीबद्दल जिची गोष्ट त्याने आईलाही सांगितली नव्हती. कारंडे दोन शब्द देत आणि यंत्रातला तो दुसरा, गोड बाप उत्तर देई. कारंडेंना त्या बापाचा आधी राग आला, मग हेवा वाटला, आणि मग, हे कबूल करायला त्यांना जड जाई, त्याच्यामागे बसून ऐकायला बरं वाटू लागलं. दुकानदार आपल्या तराजूखाली चुंबक लावून घेतो आणि कालांतराने त्यालाही तेच खरं वजन वाटायला लागतं, असे दुकानदार त्यांनी पाहिले होते. नळीचं तेवढं सांगायचं राहिलं होतं. पण इतका छान चाललेला संवाद मध्येच नळी घालून कशाला बिघडवायचा? आयत्या वेळी सांगता येईल.

आयती वेळ थंडीत आली. कफ झाला आणि श्वास पुरेना. दवाखान्यात तोंडावर मास्क, छातीवर तारा, आणि उशाशी, चेहऱ्यासमोर ओढलेल्या स्टँडवर यंत्र. शार्दूल विमानाने आला. डॉक्टरांनी त्याला दाराशी उभं करून सांगितलं, "मास्कवर फार वेळ निघणार नाही. नळी घालायची की नाही ते दुपारपर्यंत ठरवा."

शार्दूल कागदपत्रांसाठी खाली गेला तेव्हा वैजयंतीबाई एकट्याच पलंगाशी आल्या. कॅमेऱ्याने त्यांना ओळखलं.

"नळी घालायची नाही," यंत्र कारंडेंच्या खऱ्याखुऱ्या आवाजात आणि खऱ्याखुऱ्या वाक्यात म्हणालं. "शार्दूलला सांग."

"हो," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "सांगते."

त्या बाहेर गेल्या. काचेतून कारंडेंना दोघं दिसत होती. आई बोलत होती, मुलगा मान हलवत होता. मग तो आत आला, थेट यंत्राजवळ खुर्ची ओढून बसला आणि बापाचा निर्जीव हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, आई म्हणाली, तुम्ही घाबरलायत. घाबरू नका. आम्ही आहोत ना." तो यंत्राच्या आणखी जवळ सरकला. "पण मला तुमच्याकडूनच ऐकायचंय. तुम्ही सांगाल तसंच करू. नळी घालू ना?"

इतक्या वर्षांत त्या मुलाने पहिल्यांदा निरोप्याला बाजूला ठेवून विचारलं होतं. वैजयंतीबाई पायथ्याशी उभ्या होत्या. कारंडेंनी नजर रोखली आणि लिहिलं, 'नळी नको.'

"शार्दूल," यंत्र म्हणालं, "तू आणि तुझी आई मिळून जे ठरवाल ते माझ्या भल्याचंच असेल. माझ्यासाठी जिवाला त्रास करून घेऊ नकोस रे. प्रवासात काही खाल्लंस का?"

शार्दूलने बापाच्या हातावर कपाळ टेकलं. त्याची पाठ हलत होती. कारंडेंनी बायकोकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी आपलं वाक्य ओळखलं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण त्यांनी ते वाचून दाखवलं नाही.

तेव्हा कारंडे 'कोऱ्या मजकुरा'कडे वळले. डोळ्यांत पाणी आलं की कॅमेऱ्याला बाहुली सापडत नाही, म्हणून ते पाणी येऊ न देता लिहीत राहिले. अक्षर उमटे, चुके, पुसलं जाई. शार्दूल डोकं वर करून बघू लागला. मास्क फुसफुसत होता. शेवटी यंत्राने कसलाही चढउतार न करता ते वाचलं.

"ते मी बोललो नाही. ते तुझी आई बोलते. मला जाऊ दे."

शार्दूलचा चेहरा उतरला. मग तो कठोर झाला, अगदी बापासारखा.

"आई, हे काय बोलतंय?"

शार्दूलने यंत्रावरच्या मदतीच्या खुणेला हात लावला. पडद्याच्या कोपऱ्यात ऋजुता आली. तिने तिकडून काय काय तपासलं.

"थकलेल्या डोळ्यांना अक्षरं चुकीची लागतात कधीकधी," ती म्हणाली. "पण एवढी सगळी वाक्यं... सांगता येत नाही. तुझ्या खात्याशी हे काहीच जुळत नाहीये, एवढं दिसतंय. घरच्यांनाच विचारावं लागेल. हे त्यांच्यासारखं वाटतंय का?"

"अजिबात नाही!" शार्दूल म्हणाला. "माझा बाप असं बोलत नाही. आईबद्दल तर नाहीच नाही." तो आईकडे वळला. "तू सांग ना. तुला माहीत आहेत ते. बाबा माझ्याशी असं बोलतील?"

वैजयंतीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. कारंडेही बघत होते. त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं त्या एका नजरेत होतं, आणि बायकोला ते समजतंय हेही दिसत होतं. लग्न झाल्यापासून ते काही न बोलता त्यांना समजत आलंच होतं. वैजयंतीबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी पलंगाची दांडी धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी असं ते कधीच बोलले नाहीत."

हे अक्षरशः खरं होतं. ऋजुताने पलीकडून कोरा मजकूर बंद केला. शार्दूल डॉक्टरांना बोलवायला गेला.

नळीवर कारंडे उत्तम राहिले. यंत्रं खरोखरच फार सुधारलीत. महिनाभराने ते घरी आले, पलंग खिडकीपाशी गेला, आणि शार्दूलने कोइमतूर सोडून जतच्या पवनचक्क्यांवर बदली मागून घेतली. रोज सकाळी कामावर जाताना आणि परत आल्यावर तो यंत्राला लागून खुर्ची टाकतो आणि बापाशी तासन् तास बोलतो. वैदेहीशी लग्न ठरलंय. बाप काय तोलूनमापून, काय मायेनं उत्तर देतो, हे ऐकायला शेजारचे येऊन बसतात, आणि आपल्या मुलांना सांगतात, बापलेक असावेत तर असे.

वैजयंतीबाई सगळं करतात. कूस बदलतात, नळी साफ करतात, पाठीला पावडर लावतात. फक्त पलंगापाशी जायच्या आधी यंत्राचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवतात. तुमच्या डोळ्यांवर उजेड येतो, असं त्या म्हणतात. संध्याकाळी शार्दूल आला की त्याच्या मागे स्टुलावर बसतात, त्याच्यापेक्षा थोडं लांब, आणि मुलाच्या खांद्यावरून नवऱ्याचं बोलणं ऐकतात.